नानांचा फ्लेक्स

शिडीच्या वरच्या पायरीवरून मी शेवटची दोरी आवळली आणि खाली बघितलं, तर सगळा बाजार गप्प.

रविवारची सकाळ, नऊ-साडेनऊ वाजलेले. घानातल्या आडोमाक्रोमच्या चौकात एरवी रविवारीसुद्धा कान किटतात. केळी विकणाऱ्या बायका, टॅक्सीवाले, चर्चला निघालेली नटलेली माणसं. त्या दिवशी कुणी हॉर्नसुद्धा वाजवेना. एक म्हातारी डोक्यावरचं घमेलं धरून होती तिथंच खाली बसली. एका माणसानं टोपी काढली आणि तोंड फिरवून भिंतीकडं केलं.

मला भरून आलं. म्हटलं, काय जीव आहे बघा लोकांचा आपल्या राजावर!

फ्लेक्स झालाही होता झकास. बारा बाय आठ. मधोमध नाना अजेकुम, अंगावर भारी वस्त्र, डोक्यावर मानाची छत्री. दोन्ही बाजूंना समया, त्या मी इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या. वर ठळक इंग्रजीत शोकसंदेश. नुसत्या इंग्रजीनं माझं समाधान होईना, म्हणून कोपऱ्यात बारीक देवनागरीत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आणि खाली उजवीकडं त्यांच्या भाच्याचा फोटो: शोकाकुल, माननीय खासदार जोसाया अम्पोफो. फोटो निवडणुकीच्या पोस्टरवरचा होता, त्यामुळं तो हात वर करून हसत होता. पण ऐनवेळी दुसरा कुठून आणायचा?

खाली उतरून मी त्या म्हातारीजवळ गेलो. तिच्या भाषेतले चार शब्द मला येत होते, तेवढे जुळवून म्हणालो, "फार वाईट झालं, आजी. देवमाणूस गेला."

तिनं दोन्ही कानांवर हात दाबले. मग घमेलं तिथंच टाकून उठली आणि गल्लीत शिरली, वयाच्या मानानं फारच वेगात. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, काहीतरी चुकलंय.

मी धनपाल मगदूम, इचलकरंजीचा. छपाईचं मशीन बसवून द्यायला म्हणून घानाला गेलो, सहा महिन्यांसाठी, आणि अकरा वर्षं राहिलो. बायको त्रिशला, मुलगी, खाली प्रेस, वर दोन खोल्या. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, चर्चची पत्रकं, सगळं छापायचो. तिथं साध्या माणसाच्या मयतीचेसुद्धा हे एवढाले पोस्टर लागतात, हे बघून मला पहिल्या आठवड्यातच वाटलं होतं, ही आपलीच माणसं.

अम्पोफो आधी माझं गिऱ्हाईक, आणि नंतर मित्र. मला तो 'डॅनपॉल' म्हणायचा. दोन वेळा त्या भागातून निवडून आलेला, आणि कादंबऱ्या लिहिणारा. आमच्याकडं पुढारी स्वतःवर पुस्तक लिहून घेतात. हा गडी खरोखर स्वतः लिहायचा, तेही लोकांच्या गोष्टी. सभेला जाताना गाडीत, जुन्या निवडणुकीच्या पोस्टरांच्या पाठीवर. एका बाजूला याचा हसरा चेहरा, दुसऱ्या बाजूला निळ्या शाईत कुणा विधवेची नाही तर कुणा ड्रायव्हरची कथा. दर मंगळवारी प्रुफं तपासायला प्रेसमध्ये यायचा. त्याची एक खोड होती. एखादं वाक्य नको झालं की ते नुसतं खोडायचा नाही, पेननं गिरवून गिरवून काळंकुट्ट करायचा, कागद फाटेपर्यंत. मी एकदा विचारलं, एवढं कशाला रे? तर म्हणाला, "डॅनपॉल, जे मी लिहिलंच नाही म्हणतो, ते कुणाला वाचता कसं येईल?"

त्यांच्यात राजाला नाना म्हणतात. आमच्या गल्लीत चार नाना होते, त्यामुळं मला ते फार घरचं वाटायचं. आणि त्यांच्यात गादी मुलाकडं जात नाही, बहिणीच्या मुलाकडं जाते. नाना अजेकुम हे अम्पोफोचे सख्खे मामा. बाप लहानपणी गेलेला. मामानंच त्याला वाढवलं, शिकवलं, मांडीवर बसवून गोष्टी सांगितल्या. मामाचा विषय निघाला की हा पुढारी शाळकरी व्हायचा.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तो अवेळी आला. खुर्चीत बसला, प्रुफं उघडलीच नाहीत. "मामा गेला," म्हणाला. रुमालानं डोळे दाबले, उठला, गेला. बस्स, एवढंच. हे बोलायचं नसतं हे मला सांगायची त्याला गरज वाटली नाही, कारण तिथं शेंबडं पोरही ते जाणतं. मी मात्र तिथं राजा गेलेला कधी बघितलाच नव्हता. खरं तर त्यानंही बोलायला नको होतं. माझ्याजवळ बोलला. मी परका म्हणून असेल, मित्र म्हणून असेल.

आता आमच्याकडं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. माणूस गेला की भटजीच्या आधी फ्लेक्सवाल्याला फोन जातो. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स दिसला नाही तर लोक विचारतात, का हो, घरात भांडणं होती काय? इथं शनिवार सगळा सरला तरी चौक मोकळा! मला वाईट वाटलं. निवडणूक तीन आठवड्यांवर, बिचारा प्रचारात अडकलाय, कोण करणार त्याचं? म्हटलं, आपण करूया. मित्र कशाला असतो मग? प्रेसला सुट्टी होती, मशीन मी स्वतः चालवलं, आणि खरं सांगतो, करताना मला फार बरं वाटत होतं.

चौकात उभा राहून मी विचार करत होतो, माणसं अशी का वागताहेत, तेवढ्यात आबेना धावत आली. आबेना म्हणजे माझ्या प्रेसची खरी मालकीण. पन्नाशीची बाई. मशीन तिचं ऐकायचं आणि मीही तिचंच ऐकायचो. अंगात चर्चच्या गायनाचा झगा तसाच. पाववाल्या बाईच्या हातातली सुरी तिनं हिसकावली, शिडीवर चढली आणि एकामागून एक चारी दोऱ्या कापल्या. नाना धप्पकन खाली आले.

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कुणी नाही. पण आबेना, नाना तर गेले ना?"

तिनं माझ्या तोंडावर हात दाबला.  दात आवळून म्हणाली, "नाना गावाला गेलेत. समजलं? गावाला. सहा महिने असतील, वर्षभर असतील. मोठी माणसं बसतील, दिवस ठरवतील, मग नगारा सांगेल. त्याच्या आधी तो शब्द जो काढतो, त्याची पूर्वी मान जायची."

"आणि आता?"

"आता मान राहते. दुकान राहत नाही." मग तिचं लक्ष खालच्या कोपऱ्याकडं गेलं आणि ती मटकन बसलीच. "आणि फोटो कुणाचा लावलास, गाढवा? भाच्याचा? गादी कुणाकडं जाते ठाऊक आहे ना? लोक म्हणतील मामाची पाठ वळायच्या आत याला खुर्ची दिसायला लागली. आणि हसतोय वर!"

चौकात दोनशे माणसं होती आणि एकही माझ्याकडं बघत नव्हता. फ्लेक्स गुंडाळून काखेत मारला आणि घराकडं आलो. वरच्या खिडकीतून त्रिशलानं विचारलं, "काय झालं हो? माणसं का पळताहेत?"

"अम्पोफोनं फ्लेक्स करायला सांगितला होता. त्यावरून काहीतरी गडबड झालीय."

आयला, हे कसं बाहेर पडलं तोंडातून, मला अजून कळत नाही. विचार करून नाही बोललो. पण बोललो.

अकरा वाजता वाड्यावरून बोलावणं आलं. वाडा म्हणजे पत्र्याच्या छपराचं मोठं चौसोपी घर आणि मध्ये अंगण. वाटेत माझ्या प्रेससमोर पंचवीस-तीस तरुण जमलेले दिसले. काहींच्या हातात कोयते होते. कुणी काही करत नव्हतं, नुसते उभे होते, आणि वर माझी बायको अन् पोरगी.

दारातच अम्पोफो भेटला. लांबच्या खेड्यात सभा होती, तिथून तसाच आलेला, बूट धुळीनं लाल. मी त्याला सगळं सांगितलं. आपल्याकडं कसं असतं, मला काय वाटलं, फोटो का लावला. रडत होतो मी. मला वाटलं, आता हा माझ्या श्रीमुखात भडकावणार. तर तो ऐकत राहिला, मान जरा कलती करून, कुणी मतदार गाऱ्हाणं घेऊन आला की ऐकायचा तसा.

"दुसऱ्याच दिवशी लावता? चौकात?"

"हो."

"आणि खाली घरच्यांचे फोटो?"

"घरच्यांचे, मित्रांचे, नगरसेवकाचे. जागा उरली तर गल्लीतल्या मंडळाचे."

त्याच्या तोंडावर क्षणभर हसू आलं. अशा वेळी! मी चाटच पडलो. मग तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आत विचारतील, डॅनपॉल. जे झालं ते सांग. तू परका आहेस, तुला ठाऊक नव्हतं. ओरडतील, दंड घेतील, पण सोडतील. मी आहे शेजारी."

अंगणात बारा-पंधरा वयस्क पुढारी काळ्या वस्त्रात बसलेले. नानांची खुर्ची रिकामी, तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. शेजारी नानांची थोरली बहीण, म्हणजे अम्पोफोची मावशी. तिला सगळे राजमाता म्हणायचे. ऐंशीची असेल, काटकुळी, पण नजर अशी की बसल्या जागी चटका बसावा. तिथं राजा किंवा राजमाता थेट बोलत नाहीत, त्यांच्या वतीनं एक काठीवाला बोलतो. तो उठला. माझा गुंडाळलेला फ्लेक्स त्यानं काठीच्या टोकानं अंगणात उलगडला. समया, नाना आणि हसणारा अम्पोफो.

बाहेरून तरुणांचा आवाज येत होता. कुणीतरी कोयता दगडावर घासत होतं.

काठीवाला म्हणाला, "गावाला गेलेल्या माणसाचं चित्र चौकात कुणाच्या मनानं लागलं?"

हीच ती वेळ. 'माझ्या' एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. तो माझ्या जिभेवर होता, मी खोटं सांगत नाही. पण डोळ्यांसमोर प्रेस आली, खिडकीतली त्रिशला आली, कोयते आले, आणि जीभ हलेना. अम्पोफोनं माझ्याकडं वळून बघितलं. एकदाच. रागानं नाही, घाईनंही नाही. त्यानं मला पुरेसा वेळ दिला. मी जमिनीकडं बघत बसलो.

"माझ्या," अम्पोफो म्हणाला. "मी सांगितलं. हा छापणारा आहे. देतील ते छापतो."

राजमातेनं काठीवाल्याला हातानं बाजूला सारलं. मी इतक्या वर्षांत तसं कधी बघितलं नव्हतं, ती स्वतः बोलली. "जोसाया, तू?"

"हो, मावशी. मी."

तिनं पदर तोंडावर ओढला.

दंड ठरला. दोन मेंढरं, दारूच्या बाटल्या, आणि मेंढरू कापताना चूक करणाऱ्यानं ते स्वतः धरायचं. तिथपर्यंत अम्पोफो मान हलवत होता. मग काठीवाल्यानं शेवटचं सांगितलं. नानांचा नगारा वाजेल तेव्हा, त्यांच्या शेवटच्या कार्यात, या भाच्यानं पाऊल ठेवायचं नाही.

अम्पोफो गुडघ्यावर आला. खासदार माणूस, धुळीत. "मावशी, हे सोडून काहीही. मला त्यांनी वाढवलंय. हे नको."

अजूनही वेळ होती. अजूनही मी उठू शकत होतो. राजमाता तोंडावरचा पदर काढेना, अम्पोफोचा आवाज फुटलेला, आणि मी, धनपाल मगदूम, त्याचा मित्र, हाताची घडी घालून बसलो होतो.

नंतर त्यानं मेंढरू धरलं. रक्त त्याच्या पांढऱ्या पँटवर उडालं. मी जैन, मेंढरू धरणं माझ्या हातून झालंच नसतं, हे कारण मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला पुरवलं. कारण सोयीचं होतं. खरं कारण भीती.

प्रेससमोरची पोरं तासाभरात पांगली. त्रिशलानं देवापुढं दिवा लावला आणि म्हणाली, "त्या मेल्यानं आपल्याला चांगलंच अडकवलं होतं." मी गप्प.

निवडणुकीत तो पडला. नुसता पडला नाही, आडोमाक्रोममध्ये, जिथं तो वाढला, तिथं त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. मामाच्या खुर्चीवर डोळा असलेला भाचा, एवढीच त्याची ओळख उरली. निकालानंतरच्या मंगळवारी तो नेहमीसारखा प्रुफं घेऊन बसला. मला वाटलं, आज पाय धरावेत. म्हटलं, "अम्पोफो, त्या दिवशी..."

"पान एक्केचाळीसवर शाई पुसट आलीय," तो म्हणाला. "ती बघ आधी."

मी शाई बघितली.

अकरा महिन्यांनी नगारा वाजला. सगळा गाव काळ्या-लाल वस्त्रांत रस्त्यावर. नानांची मिरवणूक माझ्या प्रेससमोरून जायची होती. सकाळीच अम्पोफो मागच्या दारानं आत आला, काही न बोलता मशीनशेजारी गेला आणि बंद शटरच्या फटीला डोळा लावून उभा राहिला. ढोल लांबून आले, समोरून गेले, पार ऐकू येईनासे झाले, तरी तो तसाच उभा. मी त्याच्या पाठीमागं चार हातांवर होतो. शटर वर करायला आणि रस्त्यात जाऊन ओरडून सांगायला मला एक मिनिट लागलं असतं. लाज वाटते सांगायला, मी त्याला पाण्याचा ग्लास नेऊन दिला.

पुढच्या वर्षी आम्ही इचलकरंजीला परत आलो. मशीन आबेनाला दिलं. इथं पुन्हा फ्लेक्सचंच दुकान टाकलं. वाढदिवस, उद्घाटन, नवरात्र, सगळं घेतो. श्रद्धांजलीचा घेत नाही. लोक म्हणतात, मगदूमभाऊ, तुम्ही येडे आहात, खरा धंदा तिथंच आहे. असू दे.

मध्ये पंधरा वर्षं गेली. गेल्या चैत्रात आबेनाचं पार्सल आलं. अम्पोफोची नवी कादंबरी, तिच्याच प्रेसमध्ये छापलेली. सोबत चार ओळी: साहेब बरे आहेत, थकलेत. आत घडी घातलेला कागद आहे, तो तुझ्याकडं पोचवायला त्यांनी सांगितलंय.

मी आधी पुस्तक उघडलं. चाळता चाळता मध्येच थांबलो. एक छापणारा होता त्यात. लांबच्या देशातून आलेला, बुटका, बडबड्या. त्याच्या देशात गेलेल्या माणसाचं चित्र चौकात लावतात, म्हणजे गावानं दोन दिवस तरी त्याला विसरू नये. तसं त्यानं प्रेमानं लावलं आणि गाव उलटलं. वाडा, अंगण, काठीवाला, सगळं तसंच. काठीवाला विचारतो, कुणाच्या मनानं? आणि तो छापणारा उठतो. बाहेर कोयते असताना उठतो. म्हणतो, माझ्या मनानं, राजाच्या या भाच्याला काही ठाऊक नव्हतं. राजमाता त्याला बघत राहते. दंड होतो, तो फेडतो. आणि भाचा मामाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं चालतो, अनवाणी.

मला ते पान पुढं वाचवेना. मग घडीचा कागद उलगडला. एका बाजूला तोच निवडणुकीचा हसरा फोटो, रंग उडालेला. पाठीमागं निळ्या शाईत तोच प्रसंग, हातानं लिहिलेला. नको असलेलं सगळं नेहमीसारखं काळंकुट्ट गिरवलेलं, काही ठिकाणी कागद फाटलेला. आणि मधोमध एक ओळ मात्र त्यानं गिरवली नव्हती. तिच्यावरून एकच सरळ रेघ मारली होती, सगळी अक्षरं नीट वाचता येतील अशी.

'छापणारा गप्प बसला.'

तिच्या डोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'छापणारा उठला.'

त्रिशला समोर मेथी निवडत बसली होती. "कसलं पुस्तक आहे? अम्पोफोचं? आपल्याला फ्लेक्स करायला लावून अडकवलं, ते लिहिलंय का त्या मेल्यानं?"

"त्यानं नव्हतं सांगितलं," मी म्हणालो. "फ्लेक्स मी माझ्या मनानं लावला होता. आणि वाड्यावर विचारलं तेव्हा मी गप्प बसलो."

तिचे हात थांबले. इतकी वर्षं ती त्या माणसाला शिव्या देत होती, त्या सगळ्या एकदम तिच्या तोंडावर आल्यासारख्या दिसल्या.

"मग उठलं कोण?"

मी तो कागद तिच्यापुढं ठेवला, हसरा फोटो वर करून.